दुधाची फॅट, उसाचा ब्रिक्स आणि उजेड मोजणारा डोळा

सकाळी सहा-साडेसहाला गावच्या दूध संस्थेपुढे किटल्यांची रांग लागते. दूध मापले जाते, त्यातला थोडा नमुना टेस्टर यंत्रात ओढून घेतो आणि पडद्यावर आकडा येतो.

"काय आण्णा, आज कितीची लागली?"

"तीन-चार."

"आरं, काल तर तीन-सात होती! गाय तीच, पेंड तीच, वैरण तीच. मग फॅट गेली कुठं?"

टेस्टर खांदे उडवतो आणि मागचा माणूस पुढे सरकतो. समजा, फॅटच्या एका पॉइंटमागे लिटरला तीस पैसे कापले जातात. वीस लिटर दूध घालणाऱ्याचे तीन पॉइंट गेले तर दिवसाला अठरा रुपये आणि महिन्याला पाचशे चाळीस रुपये गेले. एवढ्या पैशात भुसापेंडीचा काही भाग निघतो. हा हिशेब ज्या आकड्यावर चालतो, तो आकडा यंत्र काढते कसा, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले आहे? टेस्टरशी भांडण सगळेच करतात, पण यंत्राच्या पोटात काय आहे ते कोणी बघत नाही. आज तेच बघू. तिथून निघून पुढे कोल्हापूरच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत जाऊ, कारण दोन्हीकडे काम एकच चालले आहे. उजेड पडला किती, ते विजेच्या आकड्यात सांगायचे.

मिल्को टेस्टरच्या पोटात

दूध पांढरे का दिसते? दुधात स्निग्धांशाचे बारीक गोळे असतात आणि केसिन नावाच्या प्रथिनाचे त्याहूनही बारीक कण असतात. या दोन्हींवर आदळून उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून दूध पांढरे दिसते. आता फक्त फॅट मोजायची असेल, तर केसिनने केलेला पांढरेपणा आधी घालवायला हवा. म्हणून यंत्र नमुन्यात एक द्रावण मिसळते. आपल्याकडे त्याला डायल्युएंट म्हणतात. त्यात इडीटीए हे रसायन असते. ते केसिनचे कण विरघळवून टाकते आणि गढूळपणा उरतो तो केवळ स्निग्धांशाचा. मग यंत्र त्या गोळ्यांना दाबाने बारीक भोकातून ढकलून एका आकाराचे करते. त्यानंतर एका बाजूने दिवा आणि दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा फोटोसेल. फॅट जास्त असेल तर उजेड जास्त विखुरतो आणि फोटोसेलपर्यंत कमी पोचतो. कमी उजेड म्हणजे कमी वीज. त्या विजेवरून आकडा ठरतो.

एवढे कळले की पुढचे आपोआप उलगडते. दिवा जुना होऊन मंद झाला, तर उजेड कमी पोचला आणि यंत्राला वाटले फॅट जास्त. काचेची नळी आतून चिकट झाली तरी तेच. डायल्युएंट शिळे किंवा चुकीच्या प्रमाणात केलेले असले, तर केसिन पूर्ण विरघळत नाही आणि आकडा वर जातो. डायल्युएंट घेऊन शून्यावर आणले नाही, तर सगळ्या गावाचा आकडा एकाच बाजूला झुकतो. म्हणजे चूक कधी तुमच्या फायद्याची, कधी तोट्याची. पण रोज एकाच बाजूची असेल, तर महिनाअखेरीला संघाकडून आलेली फॅट आणि संस्थेने दिलेली फॅट यांचा मेळ बसत नाही, आणि तो तोटा सभासदांच्याच माथी येतो. नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळले नाही, साय वर आली, किंवा गाडीवर हिंदकळून लोण्याचे कण धरले, तर यंत्र कितीही चांगले असो, आकडा खोटाच येणार.

एक गोष्ट मात्र उजेडाला कळत नाही. गोळे दुधातल्या फॅटचे आहेत की कोणी घुसळून मिसळलेल्या खाद्यतेलाचे, हे या यंत्राला ओळखता येत नाही. गोळा दिसला की मोजला. भेसळ करणाऱ्यांना ही मेख फार आधी कळली.

आता पुष्कळ संकलन केंद्रांवर दुसरे छोटे यंत्र दिसते. दीड-एक मिनिटात फॅट, एसएनएफ, पाणी असे सगळेच आकडे देणारे. त्यातली बरीच यंत्रे उजेड वापरत नाहीत. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी दुधातून सोडून ती हिशेब करतात. मोठ्या डेअरीतली महागडी यंत्रे परत उजेडाकडे येतात, पण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाकडे. फॅट, प्रथिन आणि दुधातली साखर हे प्रत्येक अवरक्ताची आपापली लहर गिळते आणि किती गिळली त्यावरून आकडा निघतो. तेव्हा तुमच्या केंद्रावर कुठले यंत्र आहे हे आधी विचारा. आजार एक आणि औषध भलतेच नको.

यंत्र कुठलेही असो, शेवटचा शब्द गरबर पद्धतीचाच. जुन्या टेस्टरना ती अजून पाठ आहे. गरबरच्या काचेच्या ब्युटायरोमीटरमध्ये १० मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल. मग हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे आणि ६५ अंशाच्या पाण्यात ठेवून वर आलेल्या फॅटचा पट्टा वाचायचा. ॲसिडचे काम म्हणून रोज प्रत्येकाची अशी तपासणी शक्य नाही, हे खरे. पण आठवड्याला पाच-सहा नमुने दोन्ही पद्धतींनी काढून आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? संस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंदावर दोन तास वाद होतो. त्यातली दहा मिनिटे या विषयाला मागून घ्या.

उजेडातून वीज येते कशी

१८७३ सालची गोष्ट आहे. विलोबी स्मिथ नावाचा इंग्रज समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलची तपासणी करत होता. त्यासाठी त्याने सेलेनियम नावाच्या पदार्थाच्या कांड्या वापरल्या. त्या विजेला भरपूर अडवतात म्हणून. पण कांड्यांचा अडथळा कधी जास्त, कधी कमी. शोध घेता कळले, कांडीवर उजेड पडला की अडथळा घटतो. उजेड ओळखणाऱ्या सगळ्या यंत्रांचा वंश तिथून सुरू झाला. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना म्हणजे शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर टोकदार तार टेकवून असाच एक ओळखयंत्राचा डोळा केला. त्याचा अर्ज १९०१ मध्ये केला गेला आणि अमेरिकेचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले. रेडिओच्या लहरी ओळखणारा तो डोळा उजेडालाही दाद देत असे.

हे घडते कसे ते शेताच्या भाषेत सांगतो. या पदार्थांना अर्धवाहक म्हणतात. त्यांच्यात विजेचे कण म्हणजे इलेक्ट्रॉन असतात, पण बांधाच्या अलीकडे अडकलेले. बांधापलीकडे रिकामी सरी आहे. तिथे पोचले की वाहायला मोकळे. उजेड म्हणजे एकेक ढकलणारा धक्का. धक्का बांधाच्या उंचीएवढा असला की इलेक्ट्रॉन पलीकडे उडी मारतो आणि मागे एक रिकामी जागा सोडतो. धक्का कमी पडला तर हजार धक्के देऊनही काही होत नाही.

बांधाची उंची पदार्थागणिक वेगळी. सिलिकॉनचा बांध बुटका. त्याला डोळ्याला दिसणारा सगळा उजेड चालतो आणि अवरक्ताचाही काही भाग चालतो. कॅडमियम सल्फाइडचा मध्यम. निळ्या-हिरव्या उजेडाने तो ओलांडता येतो. झिंक ऑक्साइडचा उंच. साधा उजेड तिथे थिटा पडतो. अतिनील किरण, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडचे, डोळ्याला न दिसणारे किरणच तो बांध ओलांडायला लावतात. म्हणून झिंक ऑक्साइडची पातळ पट्टी काचेसारखी पारदर्शक दिसते आणि तरीही अतिनील किरण पडला की तिच्यातून वीज वाढते. ज्या पदार्थाला दिवसाचा उजेड दिसतच नाही आणि फक्त अतिनील दिसतो, तो काही कामांना सिलिकॉनपेक्षा सोयीचा. ती कामे कुठली, ते पुढे येईल.

कारखाना आणि द्राक्षबाग

दुधाइतकाच पैसा उजेडावर टांगलेला आहे तो उसात. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. साठ टन ऊस घालणाऱ्याला एवढ्या फरकाने दोन हजार रुपयांचा फटका किंवा फायदा. उतारा शेवटी पोत्यात भरलेल्या साखरेवरून निघतो, हे बरोबर. पण साखर चिपाडात किती गेली, मळीत किती गेली, मोलॅसिसमध्ये किती अडकली हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलरीमीटर सांगतो. साखरेच्या द्रावणातून एका दिशेने कंप पावणारा उजेड सोडला की साखर त्याची दिशा वळवते. जेवढी साखर तेवढे वळण. पूर्वी केमिस्ट डोळा लावून अर्ध्या सावलीची जुळणी करत असे. आता ती जुळणी फोटोसेल करतो. काळपट रस स्वच्छ करायला शिशाचे रसायन घालावे लागे. अवरक्ताच्या जवळचा उजेड वापरणारे पोलरीमीटर आल्यावर त्या विषाची गरज कमी झाली.

शेतात ऊस तोडणीयोग्य झाला का हे पाहायला शेती खात्याचा माणूस हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो. रसाचा थेंब काचेवर टाकून आकाशाकडे धरतो आणि ब्रिक्स वाचतो. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्ष बागाईतदारांना हे नळकांडे पाठच आहे. मण्यात गोडी किती भरली हे त्यावरच ठरते. हातातल्या नळकांड्यात उजेड ओळखणारा डोळा तुमचा स्वतःचा असतो. डिजिटल यंत्रात त्या जागी फोटोसेलची रांग असते. दोन्हींना एक पथ्य आहे. मोजण्याआधी डिस्टिल्ड पाण्याने शून्य लावा आणि भर उन्हात तापलेल्या यंत्रावर विश्वास ठेवू नका. शिवाय ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे. रसात विरघळलेले क्षारही त्यात मोजले जातात. चिबडाच्या, खारपड्या रानातला ऊस ब्रिक्सला बरा दिसतो आणि गाळपात रडवतो, तो यामुळेच.

बेदाण्याच्या, डाळीच्या, तांदळाच्या गिरणीत कलर सॉर्टर नावाचे यंत्र बसते. दाणे धारेने खाली पडतात, कॅमेऱ्याचा डोळा काळा-डागी दाणा हेरतो आणि हवेचा फटका त्याला बाजूला उडवतो. बाया बसून जो बेदाणा निवडत होत्या, ते काम हा डोळा करू लागला. मजुरी वाचली म्हणायचे की रोजगार गेला म्हणायचे, ते ज्याने त्याने आपापल्या घरावरून ठरवावे.

कोल्हापूरचा स्प्रे आणि आपला स्प्रे

आता संशोधनाकडे वळू. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली कोल्हापुरात सुरू झाले आणि साताऱ्या-सांगलीची बहुतेक महाविद्यालये त्याला जोडली गेली. या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ पापुद्र्यांवरचे काम अनेक दशके चालू आहे. पापुद्रा म्हणजे काचेवर चढवलेला अर्धवाहकाचा थर. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असा. मोठ्या कंपन्या हे काम कोट्यवधींच्या निर्वात यंत्रात करतात. कोल्हापूरकरांनी वेगळी वाट धरली. रसायनाच्या साध्या द्रावणातून थर चढवायचा. बीकर, पाण्याचा टब, हीटर एवढे भांडवल. डॉ. पी. एस. पाटील यांचा स्प्रे पद्धतीवरचा १९९९ सालचा आढावा आणि डॉ. आर. एस. माने व डॉ. सी. डी. लोखंडे यांचा रासायनिक पापुद्र्यांवरचा २००० सालचा आढावा जगभरचे अभ्यासक वापरतात. उसाच्या पट्ट्यातल्या विद्यापीठातून निघालेले हे काम आहे, याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही.

पद्धती दोन-तीन सांगतो, म्हणजे अवघड वाटणार नाही. पहिली स्प्रेची. द्राक्षाला औषध मारताना तुम्ही हवेच्या दाबाने द्रावणाचे धुके करता. इथेही तेच. झिंक ॲसिटेटचे द्रावण दाबाच्या हवेने चारशे अंशांच्या आसपास तापलेल्या काचेवर फवारतात. थेंब पोचताच पाणी उडून जाते, ॲसिटेट तुटते आणि काचेवर झिंक ऑक्साइड उरते. नोझल, दाब आणि थेंबाचा आकार यांचे महत्त्व बागाईतदाराला वेगळे सांगायला नको. थेंब मोठा झाला की डाग, लहान झाला की वाटेतच सुकतो.

दुसरी बुडवण्याची. बेदाणा करताना घड डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढता ना, तशीच काच एका द्रावणात बुडवायची, पाण्यात खळबळायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, परत पाण्यात. एका फेरीत अगदी नखभर नव्हे, अणूंच्या काही थरांएवढेच चढते. अशा पन्नास-शंभर फेऱ्या. तिसऱ्या पद्धतीत काच द्रावणात उभी ठेवून मंद आचेवर तासभर सोडून द्यायची. कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर असा चढतो.

याच विभागात डॉ. के. वाय. राजपुरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्प्रेच्या पद्धतीने झिंक ऑक्साइडचे अतिनील फोटोडिटेक्टर केले. २०११ आणि २०१४ साली त्यावरचे निबंध परदेशी नियतकालिकांत आले. एकदा थरात गॅलियम हा धातू किंचित मिसळून, एकदा थरावर धातूचे संपर्क बसवून. अशा संपर्काचा नेहमीचा आकार म्हणजे दोन कंगवे एकमेकांच्या दातांत घुसवल्यासारखा. दातांमधली जागा कमी ठेवली की मोकळा झालेला इलेक्ट्रॉन लवकर गोळा होतो.

नॅनो म्हणजे काय आणि मिश्रण कशाला

नॅनो हा शब्द तुम्ही २०२१ पासून नॅनो युरियाच्या बाटलीवर वाचला असेल. त्या बाटलीच्या गुणदोषात इथे जायचे नाही, तो वेगळा वाद आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पदार्थाचा कण काही नॅनोमीटरपर्यंत बारीक केला की दोन गोष्टी होतात. एक, तेवढ्याच वजनात पृष्ठभाग प्रचंड वाढतो. ढेकूळ फोडून भुरभुरीत माती केली की ओल जशी सगळीकडे लागते, तसे. दुसरी गोष्ट नवलाची आहे. कण फारच लहान झाला की मघाचा तो बांध उंच होतो. म्हणजे पदार्थ तोच, पण कणाच्या आकारावर तो कुठल्या रंगाच्या उजेडाला दाद देईल हे बदलते. २०२३ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार याच कामाला मिळाला.

नॅनोकॉम्पोझिट म्हणजे अशा दोन किंवा जास्त पदार्थांचे मिश्रण. ते का करतात? इलेक्ट्रॉनने बांध ओलांडला तरी त्याची मागची रिकामी जागा त्याला परत ओढत असते. दोघे भेटले की सगळे मुसळ केरात. मग शेजारी दुसऱ्या पदार्थाचे वावर थोडे खालच्या पातळीवर ठेवतात. इलेक्ट्रॉन वरच्या वावरातून खालच्यात उतरतो, रिकामी जागा वरच राहते, आणि दोघांची गाठ पडत नाही. वीज जास्त मिळते. झिंक ऑक्साइडबरोबर कॅडमियम सल्फाइड, ग्राफीन, चांदीचे कण अशी मिश्रणे जगभर करून पाहिली जातात. कुठे दिसणारा उजेडही पकडता यावा म्हणून, कुठे वेग वाढावा म्हणून.

वेगाचा प्रश्न झिंक ऑक्साइडला फार छळतो. हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि इलेक्ट्रॉन धरून बसतो. उजेड पडला की तो सुटतो आणि वीज वाढते. उजेड गेला की ऑक्सिजन पुन्हा येऊन चिकटायचा, पण सावकाश. त्यामुळे सूर्य ढगाआड गेला तरी आकडा कित्येक सेकंद, कधी मिनिटे रेंगाळतो. मोटार बंद केल्यावर लांबच्या पाटात पाणी वाहतच राहते तसे. आणि बंद मोटारीच्या पाइपातून ठिबकणारे पाणी असते ना, तशी उजेड नसतानाही थोडी वीज गळत असते. चांगल्या डोळ्यात ही गळती कमी आणि उजेडाला दाद मोठी हवी. संशोधनाच्या निबंधांत हेच आकडे घासाघीस करून सुधारलेले दिसतात.

कपाटातल्या काचा

आता थोडे कडू बोलतो. निबंध पुष्कळ झाले, यंत्रे फार थोडी. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांची मुले-मुली या कॉलेजांतून एम.एस्सी. होतात, पीएच.डी. करतात, काचेवर थर चढवतात, आलेख काढतात, आणि पदवी मिळाली की त्या काचा डबीत भरून कपाटात जातात. दोष मुलांचा नाही. प्रयोगशाळेत दहा वेळा चाललेली काच आणि डेअरीत तीन वर्षे रोज चालणारे यंत्र यांच्यात मोठे अंतर आहे. ज्या पृष्ठभागाच्या जोरावर नॅनो थर उजेड पकडतो, त्याच पृष्ठभागाला दमट हवाही चिकटते. महाबळेश्वर-पाटणच्या जुलैत तो एक आकडा देईल आणि जतच्या एप्रिलमध्ये दुसरा. एका दिवशी केलेल्या दहा काचा एकसारख्या आल्या पाहिजेत. तिथेच हे काम अडते, आणि त्यावर निबंध लिहून बढती मिळत नाही.

तरीही दोन कामे अशी आहेत की ज्यांना गावात गिऱ्हाईक आहे.

पहिले पिण्याच्या पाण्याचे. पुष्कळ ग्रामपंचायतींनी पाणी शुद्ध करणारे संयंत्र बसवले. त्यात बऱ्याचदा अतिनील दिव्याची नळी असते. २५४ नॅनोमीटरचा किरण जंतूंना मारतो. ही नळी साधारण वर्षभर अखंड जळली की तिचा मारा घटतो. पण निळसर उजेड दिसतच राहतो, म्हणून ऑपरेटरला वाटते सगळे ठीक आहे. जत-आटपाडीकडच्या क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात तर नळीभोवतीच्या क्वार्ट्झच्या आवरणावर पांढरा थर बसतो आणि किरण पाण्यापर्यंत पोचतच नाही. इथे डोळ्याचा उपयोग शून्य. अतिनील ओळखणारा, साध्या उजेडाने न फसणारा स्वस्त डोळा हवा. विकत मिळणारे असे डोळे आहेत, पण लहान संयंत्रात पैसे वाचवायला ते वगळले जातात. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी आणि सरपंचांनी एवढे तरी करावे. नळी कधी बदलली ती तारीख संयंत्रावर रंगाने लिहून घ्यावी आणि देखभालीच्या करारात आवरण धुण्याची मुदत घालून घ्यावी.

दुसरे काम हळदीचे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण सौद्यात अजून भाव ठरतो तो हळकुंड मोडून आतला रंग डोळ्यांनी पाहून. निर्यातदार मात्र कुरकुमिनची टक्केवारी विचारतो. ती काढायला हळद अल्कोहोलात विरघळवतात आणि ४२५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा उजेड त्यातून किती गिळला गेला ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजतात. एक उजेड, एक डोळा, मधे काचेचे भांडे. तत्त्व मिल्को टेस्टरपेक्षा अवघड नाही. बाजार समितीत सौद्याआधी हा आकडा पाटीवर लागला, तर उत्तम हळद आणि बेताची हळद एकाच ढिगात जाणार नाही. कुरकुमिन अतिनील किरणाखाली पिवळसर-हिरवे चमकते, तोही धागा धरण्यासारखा आहे. शिशाच्या क्रोमेटने रंगवलेल्या हळदीचा धोका जगभर गाजला आहे. सांगलीच्या नावाला तो डाग लागू द्यायचा नसेल, तर तपासणी पेठेतच झालेली बरी.

खांबावरचा डोळा

शेवटी जो फोटोडिटेक्टर तुमच्या गावात आजच असेल, त्याच्याविषयी. रस्त्यावरचे दिवे आपोआप लावणाऱ्या पेटीवर एक छोटी गोल चकती असते, तिच्यावर नागमोडी रेघ दिसते. ती रेघ बहुधा कॅडमियम सल्फाइडची. अंधारात ती विजेला लाखो ओहमचा अडथळा करते, उजेडात काहीशे ओहमवर येते. पेटी त्यावरून दिवा लावते किंवा विझवते. कॅडमियम विषारी. युरोपने २००६ पासून विजेच्या वस्तूंत त्याच्यावर कडक मर्यादा घातली, म्हणूनच बिनकॅडमियमच्या थरांमागे संशोधक लागले आहेत. खराब झालेल्या चकत्या उकिरड्यावर टाकू नयेत, आणि प्रयोगशाळांनीही पिवळे द्रावण मोरीत ओतू नये.

दिवे दिवसा जळताना दिसले की लोक वायरमनला शिव्या देतात. वीस वॉटचे शंभर दिवे दिवसाचे बारा तास फुकट जळले तर रोज चोवीस युनिट, महिन्याला सातशे वीस युनिट पंचायतीच्या बिलात. कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असते. चकतीवर धूळ, कोळ्याचे जाळे, पाखराची विष्ठा, किंवा झाडाची फांदी वाढून पडलेली सावली. काही ठिकाणी चकती दिव्याच्याच उजेडात बसवलेली असते, मग दिवा लागला की तिला दिवस वाटतो, विझला की रात्र वाटते, आणि रात्रभर उघडझाप चालते. भर दुपारी शिडी लावून वायरमनकडून चकती ओल्या फडक्याने पुसून घ्या. मग तिच्यावर काळे कापड टाका. थोड्या वेळात दिवा लागला पाहिजे, कापड काढल्यावर विझला पाहिजे. लागला नाही किंवा विझला नाही, तर चकती बदलायची. ती किरकोळ किमतीत मिळते.